साडेपाचची गाडी

एका हिवाळ्यात तीन बेल्ट बदलले मी.
पहिला बाजारातला, स्वस्त.
दुसरा नोदारने दिला, "अस्सल जर्मन" म्हणत,
पाकिटावरचं त्यालाही वाचता येत नव्हतं.
तिसरा खरोखरच महाग.
तिन्ही, रुस्तावीच्या थंडीत चावी फिरवली रे फिरवली
की शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखे.

तोनेतून निघालेली गरम शोती पोत्यांत भरायची,
पुलापलीकडच्या वसाहतीत न्यायची,
एवढंच माझं काम. गाडीतलं मला काय कळतं.

मालखाझ एका कानाने ठार बहिरा,
दुसऱ्याने सोयीपुरता.
"पोलादाच्या भट्टीने नेले कान," म्हणतो,
"पेन्शनमध्ये धरले नाहीत."
बॉनेट उघडून म्हणाला, "लामारा, वेणी कोटात खोच.
बेल्टला माणूस कळत नाही."
मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक
चालू इंजिनाच्या एकेका बेअरिंगपाशी टेकवलं,
मूठ धरली दातांत,
आणि डोळे मिटले.

आल्टरनेटर. काही नाही.
पाण्याचा पंप. काही नाही.
खाली कोपऱ्यात, बेल्टचा ताण धरणारी ती छोटी पुली,
आणि त्याचं तोंड असं झालं
की द्राक्ष खाताना खडा लागावा.

"चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस.
तीनदा."

बेल्ट उतरवला. सहा धारा, एकही फाटलेली नाही.
चांगल्या पुलीला त्याने टिचकी मारली:
दीड फेरा, जडशी, थांबली.
दुसरीला मारली:
ती फिरतच राहिली. भिंगरी. हलकी, सळसळत.
मला वाटलं, हीच बरी की.
"आतलं ग्रीस संपलंय," तो म्हणाला,
"धरून ठेवायला काही उरलं नाही, म्हणून एवढी मोकळी."

मला गुराम आठवला.
शेवटच्या महिन्यांत फार हसायचा.

हे मी बोलले नाही.
बोलले असते तरी कोणत्या कानाला.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला गाडी आली
आणि कुणाला कळलंच नाही.
जिने काळोखे. खिडक्या बंद.
चाळीस पाव माझ्या पाठीमागे निवत गेले.
नऊला तिसऱ्या मजल्यावरची झुझुना खाली, सपाता घालून, तणतणत:
"आज मेलीस कुठे?"
"आले होते."
"मग ओरडली का नाहीस?"

मालखाझकडे परत गेले. म्हटलं, जुनीच बसव.
त्याने मला पहिल्यांदाच नीट ऐकलं असावं,
कारण हातातला पाना खाली ठेवला.
"ही एक दिवस जाम होईल. बेल्ट तोडेल.
बेल्ट गेला की पंप थांबेल, पंप थांबला की इंजिन उकळेल,
आणि तू पुलाच्या मध्यावर,
पावांसकट."
एवढं लांबलचक बोलून तो दमला.
जुन्या पुलीतून तार ओवली
आणि माझ्या हातात दिली, न बोलता.

आता ती मागच्या दाराला टांगली आहे.
तेरा नंबरच्या पान्याने वाजवते.
पोलाद आहे, पण आत बेअरिंग, त्यामुळे ठण नाही,
ठक्.
झुझुना म्हणते, आधीचं बरं होतं,
आवाज कोपऱ्यावरून यायचा,
कूस बदलून उठायला वेळ मिळायचा.
तिचं खरंय.

महिन्यातून एकदा, गाडी गार असताना,
बेल्ट सैल करते. उलटा करून भेगा बघते,
अंगठ्याने धारा चाचपते,
कूलंट कुठे ओघळलंय का ते पुसून घेते.
मग नव्या पुलीला एक टिचकी.
दीड फेरा.
जडशी थांबते.
मी थोडा वेळ तिथेच उभी राहते,
वेणी कोटात खोचून.